बाटलीतल्या पाण्याचा सत्कार

नया बाजारात बाबांचं फोटो फ्रेम करायचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नातले फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, शाळा-कॉलेजांची सन्मानपत्रं, सगळं तिथे काचेआड जातं. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे चंबळच्या भागात आले असं घरात सांगतात. त्यातलं आता आडनाव उरलंय आणि आमची ही मराठी, जिच्यात बोलता बोलता हिंदी कधी शिरते ते आमचं आम्हालाच कळत नाही. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे मान चौकटीत बसवले. त्यामुळे माझा फोटो पहिल्यांदा पेपरात आला, तेव्हा त्यांनी ते कात्रण दुकानातल्या सगळ्यात चांगल्या फ्रेमच्या पट्टीत मढवलं आणि काउंटरच्या वर, येणाऱ्याची नजर पहिली जाईल अशा जागी टांगलं.

मी तेव्हा वनस्पतींच्या रोगांवर पीएच.डी. करत होते. आमच्या भागात हिवाळ्यात जिकडे बघाल तिकडे मोहरी, जिला सगळे सरसोंच म्हणतात. माझं काम सरसोंच्या देशी वाणांवर होतं. रोगाचा जंतू आलाय हे पानाला कळतं कसं, आणि कुठल्या वाणाला ते जास्त लवकर, जास्त जोरात कळतं, एवढाच माझा प्रश्न होता.

बाबांना मी तो दुकानातच समजावून सांगितला होता. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. ते फोटोभोवती लावायचा माउंटचा पुठ्ठा कापायचे आणि मी स्टुलावर बसून बोलायचे.

"आपल्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी रक्तातून फिरतात. झाडात तसं फिरणारं कोणी नसतं, बाबा. प्रत्येक पेशीला स्वतःची राखण स्वतःच करावी लागते."

"म्हणजे प्रत्येक घराला वेगळा चौकीदार."

"तसंच. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतात, जंतू ओळखणारी प्रोटीनं. बॅक्टेरियाला पोहायला शेपटी असते ना, त्या शेपटीचा एक बारीक तुकडा रिसेप्टरला चिकटला, की त्याला कळतं, हे आपलं नाही. मग तो शेजारच्या दुसऱ्या प्रोटीनला जोडीला घेतो आणि आत निरोप जातो."

"आणि मग?"

"मग पेशीत कॅल्शियम शिरतं. पान एकदम तिखट ऑक्सिजन सोडतं, जंतूला भाजेल असा. पानाची छिद्रं मिटतात, पेशीची भिंत जाड होते. हे सगळं काही मिनिटांत सुरू होतं."

बाबा पुठ्ठा खाली ठेवून ऐकत होते. "सरसोंचं पान?" ते म्हणाले. "हे आपण भाजीत घालतो ते?"

"तेच."

त्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना हे सांगायला लागले. हाताच्या पंजाचं पान करायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारायचे. मला ते फार आवडायचं. थोडी लाजही वाटायची, पण ती गोड होती.

माझा प्रयोग असा होता. पानांच्या छोट्या गोल चकत्या पाडायच्या आणि रात्रभर पाण्यात ठेवायच्या, म्हणजे कापल्याची त्यांची घबराट शांत होते. सकाळी त्यांना एका द्रावणात घालायचं. द्रावणात त्या शेपटीचा प्रयोगशाळेत बनवलेला तुकडा असतो आणि एक असं रसायन, जे पानाने तो तिखट ऑक्सिजन सोडला की चमकतं. ती चमक डोळ्यांना दिसत नाही, मशीन मोजतं. पडद्यावर रेघ वर चढते आणि हळूहळू खाली येते. जितकी रेघ उंच, तितक्या जोरात पानाने हाक दिली.

माझ्याकडच्या वाणांपैकी भिंडकडून आणलेल्या एका वाणाची रेघ बाकीच्यांच्या कितीतरी वर गेली. मी प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. एका परिषदेत मी ते पोस्टरवर मांडलं आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. इथल्या हिंदी पेपरने फोटोसकट छापलं. मथळ्यात त्यांनी मला शहराची बेटी केलं आणि मजकुरात त्या वाणाला रोगाशी लढणारी सरसों. मी तसं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं की तिच्या पानांचा प्रतिसाद जास्त दिसतो. पण मी पेपराला फोनही केला नाही. बाबांच्या तोंडून तर ती महिनाभरात रोगच न लागणारी सरसों झाली, आणि मी दुकानात उभी राहून ते ऐकून घेतलं. कात्रणातला माझा फोटो चांगला आला होता.

मग आमच्या मराठी मंडळाने माझा सत्कार ठरवला. मंडळाचे सचिव बाबांचे जुने ओळखीचे, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. ते स्वतः घरी येऊन सांगून गेले. आईने कपाटातली तिची पैठणी काढून उन्हात टाकली.

सत्काराच्या त्याच आठवड्यात माझ्या गाइड मॅडम लेखाचा मसुदा वाचत होत्या. त्यांनी भिंडच्या वाणाच्या आलेखावर बोट ठेवलं.

"इस लाइन का पानी वाला कंट्रोल कहाँ है?"

कंट्रोल म्हणजे तीच पानं, तेच रसायन, फक्त शेपटीचा तुकडा नाही. नुसतं पाणी. नुसत्या पाण्यात रेघ सपाट राहिली, तरच म्हणता येतं की पान तुकड्यामुळे जागं झालं. मी कंट्रोल घेतला होता, पण पहिल्या वाणाचा. सगळ्यांना तोच लागू होईल असं धरलं होतं. भिंडच्या वाणाच्या कुंड्या रोपं वाढवायच्या जाळीघराच्या पार टोकाला होत्या, त्यामुळे त्यांचा नंबर दर वेळी शेवटी यायचा.

"कर लो एक बार," मॅडम म्हणाल्या. "औपचारिकता है."

दुसऱ्या दिवशी मी भिंडच्या पानांना त्यांच्या नेहमीच्या बाटलीतलं नुसतं पाणी दिलं. तुकडा नाही, काही नाही. रेघ चढली. थेट तिथपर्यंत, जिथे ती दर वेळी जायची.

मला आधी वाटलं मशीन बिघडलं. मी शेजारच्या लॅबमधून ताजं, निर्जंतुक केलेलं पाणी मागून आणलं आणि पुन्हा चकत्या लावल्या. रेघ सपाट. मग मी ती नेहमीची बाटली उचलली. दर प्रयोगात सकाळचं ताजं पाणी पहिल्या वाणांनाच संपून जायचं. मग भिंडच्या पानांसाठी मी सिंकच्या बाजूच्या या मोठ्या बाटलीतलं पाणी घ्यायचे. ते पाणीही कधीतरी निर्जंतुक केलेलं होतं, पण झाकण रोज उघडलं जायचं, कोणाकोणाच्या हातून. त्यातला एक थेंब मी काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला.

बॅक्टेरिया पोहत होते. शेपट्या दिसत नव्हत्या, पण त्यांच्याशिवाय असं कोणी पोहत नाही.

पानांनी काहीच चूक केली नव्हती. पाण्यात जंतू आहेत हे त्यांना कळलं होतं आणि त्यांनी ते दर वेळी सांगितलं होतं. त्यांचं सांगणं मी पोस्टरवर छापलं आणि खाली त्या वाणाचा मोठेपणा लिहिला. भिंडच्या सरसोंत वेगळं काही नव्हतं. तिला फक्त घाण पाणी मिळालं होतं.

माझे कान गरम झाले. लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं, तरी मी मागे वळून पाहिलं.

मॅडमना सांगायला गेले तेव्हा वाटेत मी काय काय ठरवलं होतं, आणि तोंडून निघालं एवढंच, "मॅडम, पानी गंदा था." त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मुझे भी देखना चाहिए था." मग परिषदवाल्यांना बक्षीस मागे घ्या म्हणून कळवायचं ठरलं. ते त्यांनी माझ्यासमोर कळवलं. मी समोरच्या खुर्चीत शाळेतल्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून बसले होते.

संध्याकाळी मी दुकानात गेले. बाबा कोणाच्या तरी आजोबांचा फोटो मढवत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबले.

"बाबा, ते काम चुकलं. भिंडच्या सरसोंचं."

"चुकलं म्हणजे?"

"पाणी खराब होतं. त्यात जंतू होते. पानं त्यांच्यामुळे जागी होत होती."

बाबांनी जरा विचार केला. "म्हणजे त्या सरसोंला रोग लागतो?"

"बाकीच्यांसारखाच. मी तर रोग लावून पाहिलाच नव्हता. मी फक्त पानांची हाक मोजली, आणि तीही चुकीची."

त्यांनी वर कात्रणाकडे पाहिलं नाही. मी पाहिलं, म्हणून मला कळलं की ते मुद्दाम पाहत नाहीयेत.

"रविवारी सत्कार आहे," ते म्हणाले. "कार्डं वाटून झाली. मुरारहून तुझी आत्या येऊन राहिली आहे, किला गेटचे सगळे नातेवाईक येऊन राहिले आहेत."

"मी काकांना फोन करते."

मी केलाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, शास्त्रात असं होतंच. तू मेहनत केलीस ना? सत्कार मेहनतीचा. ऐन वेळी नाही म्हटलं तर माझी काय इज्जत राहील?" मी ठामपणे नाही म्हणू शकले नाही. वर मनाशी ठरवलं की स्टेजवरूनच सांगून टाकू, म्हणजे दोन्ही होईल. तेव्हा मला ते धाडसाचं वाटलं होतं.

हॉल भरला होता. पैठणीत मला घाम येत होता. काकांनी ओळख करून दिली आणि त्या ओळखीत ती रोग न लागणारी सरसों पुन्हा आली, सगळ्या चंबळच्या शेतकऱ्यांना वरदान वगैरे. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहून हसले. माझा फोन त्यांना आठवत नव्हता असं नाही, त्यांना तो महत्त्वाचा वाटला नव्हता. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र झालं. सन्मानपत्राची फ्रेम बाबांच्याच दुकानातली होती.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मराठीतून तयारी केली होती, आईसमोर म्हणूनही पाहिलं होतं. सुरुवात नीट झाली. मंडळाचे आभार, आईबाबांचे आभार. मग मी म्हटलं, "ज्या संशोधनासाठी आपण माझा सत्कार केलात, ते संशोधन..." आणि पुढचा मराठी शब्द आला नाही. चुकीचं, फोल, खोटं, काय म्हणणार होते ते गेलंच. मी हिंदीत घसरले. "वो सही नहीं निकला. पानी में बैक्टीरिया थे, कंट्रोल ठीक नहीं था, तो वो जो रिस्पॉन्स था, वो उस वैरायटी का नहीं था." माझा आवाज पातळ झाला होता. मी घाईघाईने बोलत होते, जसं कोणी माईक काढून घेणार होतं.

मग टाळ्या.

आधी वाटलं, ही दया आहे. पण मी पहिल्या रांगेतले चेहरे पाहिले. कोणाला काही कळलंच नव्हतं. काकांनी माईक घेतला आणि म्हणाले, "पाहा, एवढं मोठं काम करूनही किती विनय! म्हणते, अजून बरोबर झालं नाही." पुन्हा टाळ्या. आत्याने डोळे पुसले. मी माईककडे हात करायला हवा होता. मी नमस्कार केला आणि खाली बसले. खोटं बोलले असते तर निदान लपवण्यासारखं काही असतं. इथे मी खरं बोलले होते आणि तरी मला फुकटचा मान मिळाला होता.

कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलाशी एक गृहस्थ माझ्याजवळ आले. नोकरीतून निवृत्त होऊन आता डबरा गावाकडच्या आपल्या जमिनीवर राहायला गेलेले. मराठीच, पण बोलणं निम्मं हिंदी.

"बेटा, बीज कधीपर्यंत मिळेल? माझ्या सरसोंला दरवर्षी पांढरे फोड येतात पानांच्या खाली. पूरी की पूरी बिघडून जाते."

"तसं बीज नाहीये हो."

"अजून सरकारने सोडलं नसेल."

"नाही. नाहीच आहे. मी वर तेच सांगत होते. ती सरसों दुसऱ्यांसारखीच आहे. माझा प्रयोग चुकला होता. आणि तुमचा तो पांढरा रोग तर मी तपासलाच नव्हता, तो बॅक्टेरियाचा नसतोच."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी माझ्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं.

"तो फिर ये काहे का?"

त्यांनी ते चिडून नाही विचारलं. खरंच विचारलं. मी शाल काढायला गेले तर ती पैठणीच्या पिनेत अडकली, आणि मी तिथे सगळ्यांत उभी राहून ती ओढत राहिले. मागून एका हाताने ती पिन सोडवली. बाबा होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी शालीची घडी केली, बगलेत धरली आणि त्या गृहस्थांना म्हणाले, "गलती हो गई भाईसाहब. मुलगी सांगत होती, आम्हीच ऐकलं नाही."

स्कूटरवर मी त्यांच्या मागे बसून रडत होते, आणि त्यांना कळू नये म्हणून तोंड बाजूला करून ठेवलं होतं. त्यांना कळत होतं. घरी आल्यावर, गुडघ्यांमुळे कार्यक्रमाला न आलेल्या आईने विचारलं, "कसं झालं?" बाबा म्हणाले, "झालं."

सोमवारी मी त्यांना म्हटलं, ते कात्रण काढा. ते म्हणाले, "एकदम काढलं तर लोक विचारतील. राहू दे थोडे दिवस." मला वाटलं त्यांच्याने होत नाहीये. मी नया बाजारातून जाणंच बंद केलं. लॅबला जायला लांबचा रस्ता धरला.

थोड्या दिवसांनी आईने त्यांचा डबा माझ्या हाती दिला, तेव्हा जावंच लागलं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं. मी पायरीखालीच थांबले. गिऱ्हाईक वर बघून म्हणालं, "बिटिया है आपकी? वाह!"

"हां, बेटी है," बाबा म्हणाले. "पर वो जो लिखा है, वो ग़लत निकला. पानी में कीड़े थे."

"अच्छा?" गिऱ्हाईक म्हणालं. "तो फिर टाँग क्यों रखा है?"

"जिन्होंने पढ़ लिया है, उनको बताना तो पड़ेगा ना. सब हो जाएँ, फिर उतार लूँगा."

ते मान खाली घालून काच पुसत होते. रोज तेच चाललं होतं म्हणजे. ज्यांना ज्यांना त्यांनी पंजाचं पान करून दाखवलं होतं, त्या प्रत्येकाला ते आता हे सांगत होते. स्टेजवर मला जे जमलं नव्हतं, ते हे काउंटरमागे उभं राहून, एकेका माणसाला, नीट कळेल असं सांगत होते. मी डबा पायरीवर ठेवला आणि आत न जाता परत आले. माझी लाज ते वाहत होते, आणि मला ते बघवत नव्हतं म्हणून मी पळाले, याची मला आणखी लाज वाटली.

काम मी पुन्हा सुरू केलं. प्रत्येक वाण, प्रत्येकाचा स्वतःचा पाण्याचा कंट्रोल, प्रत्येक वेळी नवं पाणी, आणि वाणांचा क्रम दर वेळी बदलून. वाणावाणात फरक निघाले, पण किरकोळ. सांगण्यासारखं काही नाही. तसंच लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या बाटलीबद्दलच सगळ्यात जास्त विचारलं. मी उत्तरं दिली, पण पूर्ण वेळ माझी नजर त्यांच्या शर्टाच्या खिशावर होती. डिग्री मिळाली. आता मी एका कॉलेजात शिकवते.

नातेवाइकांनी विचारलं की बाबा सांगतात, "पास झाली." त्यापुढे काही नाही. विषय काय होता, पानाला काय कळतं, हातवारे, टिचकी, सगळं बंद. आत्याने एकदा मुद्दाम विचारलं तर म्हणाले, "ते तिलाच विचार." माझ्यामुळे त्यांचं एक आवडतं बोलणं गेलं. बक्षीस गेलं त्यापेक्षा मला ते जास्त खुपतं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी कॉलेजातून लवकर सुटले आणि दुकानात जाऊन स्टुलावर बसले. बाबा फ्रेमची पट्टी कापत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवायचं होतं तेच डोक्यात होतं, म्हणून मी म्हटलं, "बाबा, झाडाच्या पेशीत आतही रिसेप्टर असतात. बाहेरच्यांपेक्षा वेगळे. तुम्हाला ते कधी सांगितलंच नाही."

बाबांनी मान वर केली. मग हळूच विचारलं, "हे पक्कं आहे ना?"

माझे कान पुन्हा तसेच गरम झाले.

"हो. हे माझं नाही. दुसऱ्यांनी शोधलंय, आणि खूप जणांनी तपासलंय."

"मग सांग," ते म्हणाले आणि हातातली पट्टी बाजूला ठेवली.

मी सांगितलं. की जंतूही हुशार असतात, बाहेरचा चौकीदार ओरडू नये म्हणून ते पेशीच्या आत आपली प्रोटीनं सोडतात आणि निरोपाची वाट तोडतात. की आतल्या रिसेप्टरांपैकी काही त्या प्रोटीनांना थेट ओळखतात, आणि काही नुसते पेशीतल्या वस्तूंवर नजर ठेवून असतात, कोणी छेडछाड केली की त्यांना कळतं. मग ती पेशी बहुधा स्वतःच मरून जाते, जंतूला सोबत अडकवून, आणि पानावर एक छोटा तपकिरी ठिपका उरतो.

"आणि बाकीचं पान?"

"बाकीचं पान वाचतं."

बाबांनी आपला पंजा पानासारखा उघडला, त्याच्याकडे पाहिलं आणि मिटला. तेवढ्यात कोणीतरी लग्नाचा फोटो घेऊन आलं, आणि ते माप घ्यायला उठले.